जिनीतली पेटी

तळोदे, ता. १४ जुलै १९२९

साष्टांग नमस्कार.

तुम्ही हातोड्याच्या घाटावर मला नावेत बसवून दिलंत, त्याला आज नऊ दिवस झाले. मी सुखरूप आहे, पोटातलंही सुखरूप आहे, आणि माय मला दिवसातून पाचदा खायला घालते. एवढं वाचून तुम्ही पत्र खाली ठेवाल म्हणून आधीच सांगते, ठेवू नका. पुढं काळजीचं आहे.

परवा शेजारचा मगन नंदुरबारहून आला. ओट्यावर बसून आबांना सांगत होता की नथमल शेठच्या कापसाच्या जिनीत पावसाळाभर सिनेमा लावलाय. पडद्यावर माणसं पळतात, भांडतात, मरतात, आणि खाली बसून एक जण पेटी वाजवतो. तो पेटीवाला म्हणे धानोऱ्याच्या पाटलाचा पोरगा वाटतो, म्हणजे तुम्हीच. आबांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकायची तशीच हातात धरून ठेवली.

"आपला जवाई तं मुनीम शे ना वं?" त्यांनी मला विचारलं.

"हा, मुनीमच शेतस," मी म्हटलं.

खोटं काही बोलले नाही. थंडीत जीन चालू असते तेव्हा तुम्ही कापसाच्या गाड्या तोलून लिहिता, तेव्हा मुनीमच असता. पावसाळ्यात जीन बंद पडल्यावर तुम्ही काय असता, ते आबांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पण त्यांनी मायला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणून घेतलं, "आपन लगीनमा वाजाडनारा बलावतस. वाजाडनाराले पोर देतस नही." आणि वर जाहीर केलं की हे खरं निघालं, तर बाळंतपणानंतर लेक आणि नातवंड इथंच राहतील. जावयानं यावं, कानबाई देवीपुढं नारळावर हात ठेवून पेटी सोडल्याची शपथ घ्यावी, मग पाठवणी.

आबा बोलतात तसं करतात. मला तुमच्याकडं परत यायचं आहे. आणि पेटीही सुटायला नको आहे, कारण गेल्या चैत्रात तिचा भाता बिघडला होता तेव्हा तुम्ही आठ दिवस घरात कसे वावरत होतात ते मी पाहिलंय. तुमच्यापेक्षा आमचा बैल जास्त बोलतो. तेव्हा काय करायचं ते लवकर ठरवा.

उत्तर पाकिटातून पाठवा. कार्ड नको. कार्ड पोस्टातून आमच्या ओट्यावर येईपर्यंत सात जण वाचतात.

तुमची शोभा

*

नंदुरबार, ता. १९ जुलै १९२९

शोभा, अनेक आशीर्वाद. (आशीर्वाद देण्याइतके तुम्ही कुठले मोठे, असं म्हणशील, म्हणून थोडेच देतो.)

तू गेल्यापासून दूध रोज उतू जातंय. मी चुलीपाशी बसतो, मनात एखादी चाल घोळत असते, आणि वास आल्यावर कळतं. शेजारणीनं दूध घेऊ नका असं सुचवलंय.

आबांचं वाचलं. पण शोभा, तू जिनीत बायकांच्या बाजूला बसून हे सगळं पाहिलंयस, तूच सांग, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? मागच्या गुरुवारी भाता पुन्हा फाटला. मी आणि ढोलकीवाला उखा दोघं मागं बसून खळीनं कागद चिकटवत होतो आणि पहिला भाग तसाच मुक्यानं चालला. पडद्यावर राजा मरत होता आणि जिनीत लोक खोकत होते. एक बाई पोराला विचारत होती, भाकर खाल्ली का. दोघं जण बियाण्याचा भाव काढून बसले. राजा तोंड उघडायचा, मिटायचा, पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा, आणि त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. मी घाईनं पेटी ओढली, खालचे दोन सूर धरले, आणि खोकला थांबला! बियाण्याचा भावसुद्धा थांबला. राजा तोच, मरण तेच. मला त्या वेळी जे वाटलं ते कुणाला सांगावं म्हटलं तर तू तळोद्याला.

उखाचीही गंमत सांगतो. बिजलीसाठी जिनीचं इंजिन लावतात, त्याची धक-धक भिंतीतून ऐकू येते. पहिल्या दिवशी उखा ढोलकी घेऊन त्या इंजिनाशी भांडला. तीन दिवस भांडला. मग त्यानं तह केला. आता आमची सगळी गाणी इंजिनाच्या लयीत चालतात. लढाई असो की लग्न असो, ठेका इंजिनाचा. घोडे आले की तो नारळाच्या करवंट्या वाजवतो आणि वीज चमकली की पत्रा हलवतो. परवा त्यानं वीज चमकायच्या आधीच पत्रा हलवला. लोकांना वाटलं, जिनीचं छप्पर गेलं. अर्धी जीन बाहेर पळाली.

आणि पडद्यावरची ती दारात बसलेली म्हातारी आठवते तुला? ती काही करत नाही, नुसती बसते. मी खालच्या पट्टीत घुमवलं की बायका म्हणतात, हीच जहर देनारी. वरच्या पट्टीत हळू धरलं की त्याच बायका डोळे पुसतात, लेकाची वाट देखी ऱ्हायनी माय म्हणून. एका खेळाला मी तिला दुष्ट करतो, दुसऱ्याला सोशिक. त्या बिचारीला काही पत्ताच नाही.

मधे मधे पडद्यावर गुजराथी अक्षरं येतात ती मीच मोठ्यानं अहिराणीत सांगतो. त्यामुळे गावात मला ओळखणारे वाढले, हे खरं. मगन त्यातलाच. शपथ घ्यायची वेळ आलीच तर घेईन, तुझ्यापुढं पेटीचं काय. पण आत्तापासून कशाला? आबा काही नदी ओलांडून सिनेमा बघायला येत नाहीत.

तुझा चुडामण

*

तळोदे, ता. ४ ऑगस्ट १९२९

साष्टांग नमस्कार.

येताहेत.

येत्या शुक्रवारी आबा कानबाईचं सामान आणायला नंदुरबारला निघणार. सामान तळोद्यातही मिळतं. मायनं तसं सांगितलं तर म्हणाले, तिथला नारळ मोठा असतो. मुक्काम तुमच्या नथमल शेठच्याच पेढीवर, कारण आमचा कापूस तेच घेतात. म्हणजे आबा जिनीच्या दारातच उतरणार. नारळाचं निमित्त आहे, बघायचंय दुसरंच, हे मला कळतं आणि मला कळतं हे आबांनाही कळतं.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. चारही वेळा हसले आणि चारही वेळा राग आला. म्हातारीवर अन्याय होतो म्हणून तुम्हाला वाईट वाटतं, आणि इथं मी रोज बापाच्या तोंडाकडं बघत खोटं गिळतेय, त्याचं काय? माय दळायला बसली आणि ओवी धरली की पोटातलं लाथा मारतं. जातं थांबलं की हेही थांबतं. तुमच्यावर गेलंय, दुसरं काय. ते जन्मल्यावर बापाचं तोंड कधी बघणार हे आता तुमच्या हातात आहे.

तेव्हा ऐका. शुक्रवार ते रविवार पेटीला हात लावायचा नाही. हात मुरगळला म्हणून सांगा, फडकं बांधा. आबा शनिवारी परतणारच, रविवारी घरी कानबाई बसते. तीन दिवसांचा प्रश्न आहे. त्यानंतर वाजवा काय वाजवायचं ते.

आणि दूध खरंच घेऊ नका.

शोभा

*

नंदुरबार, ता. १३ ऑगस्ट १९२९

शोभा, आशीर्वाद.

सगळं बिघडलं. क्रमानं सांगतो, म्हणजे मलाही कळेल की कुठं बिघडलं.

तुझं पत्र आल्याबरोबर मी हाताला फडकं बांधून शेठकडं गेलो. शेठनं फडकं सोडलं, हात उलटासुलटा पाहिला, आणि पुन्हा बांधून दिलं. म्हणाले, "चुडामणजी, कानबाई पोचवली की बायका मोकळ्या होतात, वर्षातून एकदा. त्या सोमवारी खेळ बंद ठेवला तर माझी जीन उचलून नदीत टाकतील." शुक्रवार ते रविवार खेळ नाही आणि जावई कामासाठी धुळ्याला गेलेत असं आबांना सांगायचं, एवढं त्यांनी कबूल केलं.

आबा शुक्रवारी आले. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही हा त्यांचा नेम मला जन्मात पहिल्यांदा गोड वाटला, कारण त्यामुळे ते घराकडं फिरकले नाहीत. मी दार लावून आत बसलो. शनिवारी वरच्या अंगाला पाऊस झाला आणि तापी फुगली. नाव बंद. आबा घाटावर जाऊन परत आले. रविवारी तुमच्याकडं कानबाई बसली आणि घरचा कर्ता माणूस नदीच्या अलीकडं अडकला. शेठ सांगत होते की रविवारी त्यांनी पानावरचा एक घास उचलला नाही.

सोमवारी सकाळी नंदुरबारच्या कानबाया वाजतगाजत नदीवर निघाल्या. आबा पेढीच्या दारात उभे राहून दुसऱ्यांच्या कानबाया जाताना बघत होते. शेठना दया आली. त्यांची दया नेहमी भलत्या वेळी येते. माणसाचं मन रमावं म्हणून त्यांनी दुपारच्या खेळाला आबांना आणलं आणि पहिल्या बाकावर बसवलं. माझ्यापासून सात हातांवर!

मला कळलं तेव्हा जीन भरली होती, दारं बंद, खिडक्यांवर गोणपाटं, इंजिन चालू. उखानं एक गोणपाट ओढून पेटीपुढं टांगलं आणि मी त्याच्यामागं दडलो. हे ठीक होतं. पण अक्षरं आली तेव्हा लक्षात आलं की मला बोलता येत नाही. माझा आवाज आबा ओळखतात.

"काय लिखेल शे रे?" लोक ओरडायला लागले.

उखाला वाचता येत नाही. तो उठला आणि म्हणाला, "आज वाचनाराना गळा बसेल शे. पेटी काय सांगस ते आयका."

झालं. सगळं पेटीवर आलं. शोभा, एरवी मी अर्धं तोंडानं सांगतो आणि अर्धं पेटीनं, आणि मला वाटायचं की तोंडाचंच अर्धं खरं. काल पेटीला एकटीला सगळं सांगावं लागलं. कपटी प्रधान आला की खालचा एकच सूर लांबवला, तो राजाच्या कानाशी लागला की तोच सूर हळू केला. पोरं ओरडली, "लबाड शे, लबाड शे!" न सांगता कळलं त्यांना. मी घामानं भिजलो होतो आणि मला हसू येत होतं.

मग राणीला रानात सोडतात तो भाग आला. म्हातारा सारथी तिला रथातून उतरवतो, हात जोडतो, रथ वळवतो. रोज मी इथं एक ठरलेली उदास चाल वाजवतो आणि वर सांगतो, 'राजानी रानीले रानमा धाडी दिनं.' काल सांगायचं कसं? बाई निघाली आहे, परत कधी दिसेल ठाऊक नाही, हे सगळ्या जिनीला एका ओळीत कळायला हवं होतं. सकाळपासून माझ्या कानात तेच होतं. बोटं आपोआप गेली. कानबाईला नदीवर वाटे लावताना, म्हणजे निरोप देताना म्हणतात ती चाल.

पहिली ओळ पुरी व्हायच्या आत मागून बाक सरकल्याचे आवाज आले. कानबाई निघाली की कुणी बसून राहत नाही. हे मी लहानपणापासून पाहतोय आणि काल विसरलो. बायकांची बाजू एकजात उभी! सकाळी एकदा पोचवलेली देवी त्यांनी पुन्हा पोचवायला घेतली. दोघींनी फुगडी धरली. पडद्यावर राणीच्या जागी पदरांच्या सावल्या हलत होत्या. मशीनवाला वरून शिव्या देत होता. कुणीतरी मागचं दार उघडलं आणि रांग लागून बायका बाहेर निघाल्या, नदीकडं. मी थांबवू कसं? कानबाईचं गाणं मधेच तोडलं तर अपशकुन. उखा डोळे मिटून ढोलकीवर सुटला होता, त्याला इंजिनही ऐकू येत नव्हतं.

आणि गोणपाटाच्या फटीतून बघतो तर आबा उभे. हात जोडलेले आणि डोळे थेट माझ्याकडं. मग ते वळले आणि तडक बाहेर गेले. पुढचे तीन भाग पहिल्या बाकावरची ती जागा रिकामी होती. शेठ म्हणाले की अंधार पडल्यावर पेढीवर आले, तसेच आडवे झाले, आणि आज सकाळीच घाटावर नावेची वाट बघायला गेले.

ओळखलं त्यांनी. पेटीच्या आवाजावरून की माझ्या पायांवरून, कोण जाणे.

तू घाबरू नकोस. मी शपथ घेतो. पेटी उखाच्या घरी नेऊन ठेवली आहे. तू आणि बाळ इकडं आलात की मला दुसरं काही नको. एवढंच खरं सांगतो, की कालच्यासारखं मी कधी वाजवलं नव्हतं, पुढंही वाजवलं जाणार नाही, आणि त्याचं दुःख करायचं सोडून मी आज सकाळपासून वेड्यासारखा हसतोय.

चुडामण

*

तळोदे, ता. १७ ऑगस्ट १९२९

साष्टांग नमस्कार.

आधी उठा, उखाकडं जा आणि पेटी घेऊन या. मग पुढचं वाचा.

आबा बुधवारी पहिल्या नावेनं आले. मायनं पाण्याचा तांब्या दिला तो त्यांनी हातातच धरला आणि म्हणाले, "कानबाईले मी वाटे लाई उनू."

"कठे?" मायनं विचारलं.

"नथमलनी जीनमा."

मायला वाटलं, उपाशी राहून भ्रम झाला. पण त्यांनी सगळं सांगितलं. सिनेमातून साठेक बायका नदीवर निघाल्या, डोक्यावर देवी नाही, चौरंग नाही, नुसत्या गात निघाल्या, आणि सगळ्यांच्या मागं तळोद्याचा एक म्हातारा. नदीवर आबांनी आपल्या घरचा म्हणून घेतलेला तो मोठा नारळ पेढीवरून मागवला आणि पाण्यात सोडला. "मन्ही कानबाई चुकनी नही," असं म्हणाले आणि तांब्या एका दमात रिकामा केला. ते तुमच्यावर रागावून बाहेर गेले नव्हते. त्यांनी तुम्हाला ओळखलंच नाही. अहो, अंधारात गोणपाटामागं कोण दिसतं?

खरी गंमत संध्याकाळी झाली. ओट्यावर गल्ली जमली आणि आबा सिनेमा सांगायला बसले. म्हणे एक बाप असतो. राजाच्या वाड्यातली त्याची लेक असते. तिला तो रथात बसवून सासरी पोचवायला निघतो, आणि सासर असतं रानात, गाव दिसत नाही, घर दिसत नाही. तरी बिचारा पोचवतो, कारण रीतच आहे. हात जोडतो आणि माघारी वळतो. मगननं उठून त्यांना पाणी आणून दिलं.

मला राहवलं नाही. मी तो खेळ जूनमध्ये पाहिला आहे. मी म्हटलं, "आबा, तो सारथी व्हई."

"सारथी?" आबा उसळले. "सारथीना हात असा थरथरस का?"

आता हात थरथरत नाही, वाऱ्यानं तुमचा पडदा हलतो, हे मी त्यांना कशाला सांगू? त्या चालीवर त्यांनी बाप पाहिला. तुम्ही तोंडानं सांगितलं असतं तर त्यांना राणी आणि सारथी दिसले असते. तुम्ही गप्प राहिलात म्हणून त्यांना ते स्वतः दिसले.

मग लोक गेल्यावर मला म्हणाले, "जवाईले लिख. तो तठेच काम करस. तो पेटीवाला कोन शे, त्यानं नाव काय, इचार. तुले ठाऊक व्हई तं तूच सांग."

मला ठाऊक होतं हो. पण नवऱ्याचं नाव बापापुढं घेऊ कसं? मी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडं बघत बसले.

"सांग ना वं! मुकी व्हयनी का?"

मी मान खाली घातली. मायनं हातातलं सूप बाजूला ठेवलं, माझ्याकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं, आणि अशी हसली की तिला ठसका लागला. "तिले ते नाव लेता येस नही," माय म्हणाली. "आते तरी समजा."

आबांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते उठले आणि गोठ्यात गेले. मी मागं जायला उठले. माय म्हणाली, बसू दे त्यांना. बैलांना दोनदा वैरण घातली असेल, इतका वेळ ते आत होते.

मग दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडं बघत नव्हते. म्हणाले, "त्या पोरले तिना बाप परत भेटस का? मी तं खेळ मझारमाच सोडी उठी गयथू."

आणि मला एकदम कळलं. पेटीचा राग नव्हताच. लेकीला पुन्हा पाठवायचं नाही, याला काहीतरी कारण हवं होतं, आणि मगननं आणून दिलं. लग्नात माझी पाठवणी करताना हा माणूस गाडीच्या चाकांना तेल घालत बसला होता, माझ्याकडं पाहिलंही नव्हतं, आणि मी वर्षभर मनात राग धरला होता. मी ढसाढसा रडले. आबाही रडले. माय एकटी हसत होती.

आता उत्तर तुम्ही लिहा. शेवटच्या भागात मला नेहमी झोप लागायची, त्यामुळे भेटतो की नाही ते मला माहीत नाही. आणि आबांनाच लिहा, मला नको. खोटं लिहू नका. शपथेचं त्यांनी अजून काही काढलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

शोभा

*

नंदुरबार, ता. २१ ऑगस्ट १९२९

तीर्थरूप आबांस चुडामणचा साष्टांग नमस्कार.

आजवर तुम्हाला स्वतः कधी लिहिलं नाही, क्षमा असावी. पावसाळ्यात मी जिनीत पेटी वाजवतो. हे लग्नाआधी सांगायला हवं होतं. भीतीनं सांगितलं नाही.

तुम्ही विचारलं त्याचं उत्तर देतो. पडद्यावरचा तो म्हातारा सारथी आहे, शोभा बोलली ते बरोबर. पण शेवटच्या भागात राणीवरचा आळ खोटा निघतो, आणि तिला आणायला राजा जात नाही. सेनापती जात नाही. तोच म्हातारा पहाटे उठून एकटा रथ जुंपतो आणि रानात जातो. ती झोपडीच्या दारातून त्याला बघते आणि धावत येते. म्हणजे भेटतो, आबा. तोच तिला घेऊन येतो. हे मी खोटं लिहीत नाही, शेठना विचारा.

आणखी एक सांगायचं आहे. तुम्ही सांगितलेला खेळ शोभानं मला लिहून पाठवला, तेव्हापासून मी अक्षरं वाचताना 'सारथी' म्हणत नाही, 'बाप' म्हणतो. कुणीही तक्रार केली नाही. काल शेवटच्या भागात रथ दिसला तेव्हा पुरुषांच्या बाजूनंही नाकं ओढल्याचा आवाज आला. उखा म्हणतो, आधीपासून हाच खेळ होता, आपल्यालाच कळला नव्हता. कानबाईची चाल मात्र आता वाजवत नाही. शेठनी हात जोडले.

शपथ घ्यायला सांगाल तर येतो आणि घेतो, मनात काही न ठेवता. फक्त एकदा समोर बसून ऐका आणि मग सांगा, एवढं मागणं आहे. गोणपाट काढून टाकलं आहे.

आपला चुडामण

*

तळोदे, ता. ७ ऑक्टोबर १९२९

चिरंजीव चुडामण यांस भाईदासचे आशीर्वाद.

माझं अक्षर बेताचं, समजून घ्या. कार्डावर लिहितोय, वाचू दे ज्याला वाचायचं त्याला.

मायलेकी चांगल्या आहेत. तुमची लेक रडते तेव्हा गल्ली गोळा होते. शोभाची आई मांडीवर घेऊन ओवी म्हणते तेव्हा एकदम गप्प बसते आणि डोळे मोठे करते. कुणावर गेली ते मी काय सांगू.

शपथेचं मी बोललो होतो ते मागं घेतो. सगळ्या ओट्यापुढं बोललो होतो, सगळ्या ओट्यापुढंच मागं घेतलं आहे. मगन साक्षीला होता.

सव्वा महिना दसऱ्यानंतर तीन दिवसांनी पुरा होतो. पाणी उतरलं, नाव रोज चालते. तुम्ही न्यायला येऊ नका. दोघींना मी स्वतः आणून पोचवतो. शोभाची आईही येते म्हणते. तिला सिनेमा बघायचा आहे. शेठना सांगून पहिला बाक धरून ठेवा.

एक विनंती आहे. पोरीला तुमच्या घरी ठेवून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं म्हातारी माणसं माघारी फिरणार. म्हणून त्या दिवशी तो रथाचा खेळ लावू नका. लढाईचा लावा, घोड्यांचा लावा, आणि इंजिन ऐकू येणार नाही एवढ्या जोरात वाजवा. रडायचं ते मी परतीच्या नावेत बसून रडेन.

भाईदास